नवमीला उघडलेला फिल्टर

मी प्रिंटरवर काम करत होतो असं सांगितलं की आमच्या मिरजगावचे लोक विचारतात, "मग लग्नपत्रिका छापून देता का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. पुढे कंटाळून "देतो की, लोखंडाच्या" असं म्हणायला लागलो, तर एका गृहस्थाने खरंच मजकूर आणून दिला. मुहूर्त, आहेर आणू नये, सगळं लिहिलेलं. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तेव्हा आधी धंदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

विजेवर चालणारी कुठलीही मोटार उघडा. विहिरीवरची असो, मिक्सरची असो, नाहीतर आता रस्त्यावर दिसतात त्या बॅटरीच्या स्कूटरची. तांब्याच्या तारेचे वेढे दिसतील. ते वेढे ज्या लोखंडावर बसवलेले असतात त्याला कोअर म्हणतात. कौतुक सगळं तांब्याचं होतं, कारण ते चकाकतं आणि चोरीला जातं. पण मोटार फिरते ती कोअरमध्ये चुंबक तयार होतं म्हणून. हा कोअर अखंड लोखंडाचा करून चालत नाही. अखंड केला तर वीज त्याच्या पोटातल्या पोटात गरगर फिरत बसते, काम काही करत नाही आणि कोअर नुसता तापतो. म्हणून पातळ पत्रे कापायचे, त्यांवर वार्निशचा थर असतो, आणि एकावर एक रचून गठ्ठा करायचा. नगरच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये मी अठ्ठावीस वर्षं हेच केलं. डाय, म्हणजे कापायचा साचा, बसवायची, पत्रा सारायचा, धाड की धाड. घरी गेल्यावर बायको काय बोलते ते ऐकू यायला अर्धा तास लागायचा, आणि तिच्या मते ते मी मुद्दाम करायचो.

प्रेस हे रागीट मशीन. चालू असताना नजर हलली तर बोटं घेऊन जातं. मी घेतलेली पाहिली आहेत, एकदा नाही, चारदा. पण बंद प्रेससारखं गरीब काही नाही. मेन स्विच खाली केला, ठोकळा लावला, की खुशाल आत डोकं घालून पुसा. चालू म्हणजे धोका आणि बंद म्हणजे निवांत, हे माझ्या हाडात बसलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण सगळं त्याच्यातनंच झालं.

प्रेस शॉप बंद पडलं तेव्हा निवृत्तीला माझी तीन वर्षं उरली होती. त्याच वेळी परदेशात शिकून आलेल्या एका इंजिनिअरने दोन गल्ल्या सोडून शेड घेतली. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो, वयाने माझ्या थोरल्यापेक्षा लहान असले तरी. त्यांनी आणलेलं मशीन म्हणजे काचेचं दार असलेलं मोठं कपाट. आवाज नाही, धूळ नाही, तेल नाही. मला पहिल्या दिवशी तो दवाखाना वाटला. आत सिलिकॉन मिसळलेल्या लोखंडाची पिठासारखी बारीक पावडर पसरायची, वरून लेसर फिरायचा, जिथे फिरेल तिथे पावडर वितळून घट्ट व्हायची. मग वर दुसरा थर. असे हजारो थर. दोन दिवसांनी पावडरीतून कोअर उकरून काढायचा.

"बापू," साहेब म्हणाले, "डायला जो आकार कधीच जमला नसता तो इथे जमतो. आणि डाय बनवायला तीन महिने थांबायला नको."

"आणि पत्रे नसतील तर तापणार नाही का हो?" मी विचारलं.

साहेब खूश झाले. त्यांनी कोअर आडवा कापून दाखवला. आत केसाएवढ्या बारीक फटी मुद्दाम सोडलेल्या होत्या, चक्रव्यूहासारख्या. विजेला गरगर फिरायला वाटच ठेवायची नाही, अशी युक्ती. मी तो तुकडा खिशात घालून घरी नेला आणि आठवडाभर बघत होतो. अठ्ठावीस वर्षं पत्रे कापलेल्या माणसाला काय वाटलं असेल ते ज्याचं त्याला कळेल. थोडं रडूच आलं म्हणा ना.

पण त्या फटींतच सगळं घोडं अडलं. फटीत न वितळलेली पावडर अडकून बसायची. ती तशीच राहिली आणि कोअर भट्टीत गेला, तर पावडर भाजून चिकटायची, फटी बुजायच्या आणि मोटार पुन्हा तापायची. हवा मारून बघितली, हलवणारं यंत्र आणलं, तरी दहातले तीन-चार नग वाया. साहेबांचे केस तेव्हा गळायला लागले.

ते सोडवलं कौसाबाईने. कौसल्या पाथर्डी तालुक्यातली. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, श्रीगोंद्याकडच्या कारखान्यांना, दर साल सहा महिने पाचटाच्या खोपीत. नवरा ट्रॉलीखाली गेला. मग सासूला घेऊन ती नगरला आली आणि आमच्याकडे पावडर चाळायच्या कामाला लागली. चाळिशीची बाई, सातवी शिकलेली, तोंडाने फटकळ. एकदा मी कोअर ठोकत होतो तर मागून म्हणाली, "बापू, ऱ्हाऊ द्या. दरवाजा वाजवताय का?"

मी चिडून हातोडी तिच्या हातात दिली. "तूच वाजव मग."

तिने लोखंडी हातोडी बाजूला ठेवली आणि पावडरच्या डब्याचा लाकडी दट्ट्या घेतला. कोअर तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरला आणि हळूच टकटक केलं. मग फिरवून पुन्हा. कान लावायची आणि बोटांनी काहीतरी बघायची. "हितं हाय अजून," म्हणायची. "हितं बद्द वाजतंय. आन् बोटाला झिनझिन येत न्हाई." तिथे चार टकटक केले की राखेसारखी पावडरीची धार लागायची. तिने मोकळा झाला म्हटलेला नग कापून बघितला, फटी स्वच्छ. दुसरा कापला, तोही. त्या महिन्यापासून वाया जाणारे नग जवळजवळ थांबलेच. साहेबांनी तिला पावडरवरून काढून टेबल दिलं, खुर्ची दिली, ओळखपत्रावर 'तपासनीस' लिहिलं. ती ते ओळखपत्र घालूनच सासूबरोबर गावी गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "बापू, कोयता सुटला माझा. आत्याबाईंनी तो आढ्याला खोचून ठिवला."

आमच्याकडे गिऱ्हाइकंही एकेक यायची. शिंगणापूरच्या रस्त्यावरचा एक दुकानदार आला. शनिदेवाला लोखंड चालतं, तर मशीनमधून लोखंडाचे छोटे देव छापून द्या, भाविक उड्या मारतील म्हणाला. साहेबांना हसावं की रागवावं कळेना. मोटारींना तार भरणारा, श्रीगोंद्याचा एक वाइंडर जळलेला कोअर पंच्यात गुंडाळून घेऊन आला होता. प्रयोगशाळेतल्या कुठल्याशा जुन्या परदेशी मोटारीचा, जिचा सुटा भाग आता कुठेच मिळत नव्हता. सहाव्या दिवशी त्याला हुबेहूब नग दिला. त्याने तो आधी कपाळाला लावला आणि मग मापला. असे दिवस गेले की मी सायकल ढकलत नगरमधल्या घरी जायचो, चालवायचोसुद्धा नाही. उगाच रमत.

आता फिल्टरचं.

लेसरने लोखंड वितळतं तेव्हा धूर निघतो. तो धूर मशीनच्या मागच्या पोलादी डब्यातल्या फिल्टरमध्ये अडकतो आणि तिथे काजळी साठते. काजळी म्हणजे लोखंडच, पण इतकं बारीक की त्याला आग लावावी लागत नाही, मोकळी हवा मिळाली की पुरे. मशीन चालतं तेव्हा आत हवा नसतेच, दुसरा गॅस भरलेला असतो, म्हणून ती गप्प बसते. त्यामुळे नियम असा होता की डबा उघडण्याआधी नळी लावून आत पाणी भरायचं, फिल्टर पूर्ण भिजू द्यायचा आणि मगच झाकण काढायचं. याला आम्ही 'पाणी पाजणं' म्हणायचो. भिंतीवर लाल अक्षरात पाटी होती. खाली लिहिलं होतं, हे काम फक्त साहेब आणि बापू करतील. ट्रेनिंग आम्हा दोघांचंच झालं होतं. कागदावर माझी सही होती.

पाणी पाजलेला फिल्टर पुन्हा वापरता येत नाही. नवा बसवावा लागतो.

खंडेनवमी आली. प्रेस शॉपमध्ये नवमीला आम्ही काय करायचो ते सांगतो. दोन दिवस आधी काम बंद. मशीनची कव्हरं काढायची, पोटातली वर्षभराची घाण रॉकेलने धुवायची, गिअरचा दातन्‌दात पुसायचा. उघडं, स्वच्छ मशीन देवासमोर आणायचं आणि मगच हळदकुंकू. आमचे जुने मेस्त्री म्हणायचे, वरून पुसून पूजा करणं म्हणजे अंगोळ न करता गंध लावणं. मला ते पटलेलं होतं. आणि या कपाटाची पूजा गेली दोन वर्षं आम्ही नुसत्या काचेवर स्वस्तिक काढून करत होतो. मनाला लागायचं ते.

त्या वर्षी साहेब पुण्याहून एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन अकरा वाजता पूजेला येणार होते. सकाळी मी आणि कौसाबाई दोघंच शेडमध्ये. तिने रांगोळी काढली होती. नवी साडी नेसली होती, ती चकचकीत नायलॉनची असते तसली, आणि सण म्हणून कामाचा सुती कोट घातला नव्हता. मी स्टुलावर चढून दाराला झेंडूचं तोरण बांधत होतो. पुसून झाल्यावर ती म्हणाली, "झालं बापू सगळं."

"मागचा डबा राहिला," मी म्हणालो. "तो आतून पूस. सगळी घाण त्याच्यात असती."

ती थांबली. मग म्हणाली, "पानी पाजलं का त्येला?"

खरं उत्तर असं होतं की पाजलं नव्हतं. नवा फिल्टर एकच शिल्लक होता आणि दसऱ्यानंतर लगेच मोठं काम लागणार होतं. पाणी घातलं असतं तर तो खर्ची पडला असता. मी ठरवलं होतं की नुसतं झाकण काढून कडा पुसू, पुन्हा लावून टाकू. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तेव्हा धोका नव्हताच. मशीन दोन दिवस बंद होतं.

"बंद हाय ना मशीन," मी स्टुलावरूनच म्हणालो. "गार झालंय. उघड तू."

"पाटीवर तुमचं नाव हाय."

"आगं, मीच सांगतोय ना! साहेब येतील आता. उघड."

तिने उघडलं. मी पाठमोरा होतो. आधी झाकणाचा आवाज आला. मग टकटक ऐकू आलं. फिल्टरवरची काजळी सुटावी म्हणून तिने सवयीने लाकडी दट्ट्या घेतला असणार. मी वळलो तेव्हा डब्याच्या तोंडाशी काळा ढग होता आणि त्याच्या कडेला लाल ठिणग्या सरकत होत्या, विडीच्या टोकाला असतात तशा. "मागं हो" म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तो ढग पांढरा झाला.

आवाज फार नाही आला. फुस्स असा. पुढे चौकशीत मशीनसमोर निरांजन पेटलेलं होतं का यावर बराच खल झाला. पेटलेलं होतं, मीच लावलं होतं. पण त्या काजळीला निरांजनाची गरज नव्हती.

साडी तिच्या अंगाला चिकटली. मी पूजेला अंथरलेली सतरंजी ओढून तिला गुंडाळलं आणि खाली पाडलं. ती ओरडत नव्हती. दोन्ही हात समोर धरून बघत होती. तिच्या बोटांची कातडी हातमोज्यासारखी लोंबत होती. त्यानंतर मी झेंडूची फुलं घरात येऊ दिलेली नाहीत. बायको बाहेरच्या बाहेर तोरण बांधते आणि मी मागच्या दाराने जातो-येतो.

शेजारच्या शेडमधल्या टेम्पोतून तिला दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला. दोन्ही हात, गळा, चेहऱ्याची उजवी बाजू. डोळे वाचले.

चौथ्या दिवशी सरकारी निरीक्षक आले. साहेब बाजूला उभे. निरीक्षकांनी विचारलं, "झाकण कोणी उघडलं?"

"कौसल्याबाईंनी," मी सांगितलं.

"तुम्ही कुठे होता?"

"दारात. तोरण बांधत होतो."

"त्यांना हे काम करायची परवानगी होती?"

"नाही."

तिन्ही उत्तरं खरी होती. चौथा प्रश्न, त्यांना उघडायला कोणी सांगितलं, हा त्यांनी विचारलाच नाही. आणि मी आपणहून सांगितलं नाही. माझे चार महिने उरले होते. निरोप समारंभाची शाल, नातवंडांसमोर मान, हे सगळं डोक्यात होतं, आता लाज वाटते सांगताना. अहवालात आलं: सदर कामगार महिलेने नियम धुडकावून, कुणालाही न विचारता उपकरण उघडले. साहेबांनी दवाखान्याचं सगळं बघितलं, त्यात कमी केलं नाही. पण तिला परत घेता येणार नाही म्हणाले. नियम मोडणाऱ्याला ठेवलं तर उद्या दुसरा मोडेल. मी मान हलवली. हलवली मान, काय करणार होतो! मला शाल मिळाली, नारळ मिळाला. साहेब भाषणात म्हणाले, बापूंच्या शिस्तीवर ही शेड उभी आहे. मी टाळ्या ऐकल्या.

उन्हाळ्यात तिला भेटायला गेलो. ती सासूबरोबर पाथर्डीकडे गावी परतली होती. अंगणात बसली होती. चेहऱ्याची एक बाजू ओढलेली, बोटं आखडून आत वळलेली. मी सफरचंदं नेली होती, ती कुठे ठेवावी मला कळेना. सासूने चहा केला. म्हातारी चांगली बोलली माझ्याशी. म्हणाली, "तुमी तरी आलासा. हिनंच वडून घेतलं समदं आपल्या हातानं. सायबांनी खुर्ची दिल्ती, तर हिला लई शानपन सुचलं. गावात तोंड दाखवाया जागा न्हाई."

कौसल्या खाली बघत होती. सासू आत गेल्यावर हळूच म्हणाली, "बापू, एक इचारू का? रागवू नका."

"विचार."

"म्या तुमाला इचारलं हुतं ना, पानी पाजलं का म्हून? मला वाटतं इचारलं हुतं. पन समदे म्हनत्यात म्या कुनाला न इचारता उघडलं. दवाखान्यातबी त्यो कागुद वाचून दावला मला. इतकं दिस आयकून आयकून मलाच आता खरं काय ते उमगंना. रोज आठवून बघते. तुमी सांगा. इचारलं हुतं का न्हाई?"

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. मला एक शब्द बोलायचा होता. होतं.

मी म्हणालो, "आता काय आठवत नाही गं मला. गडबड होती ना त्या दिवशी."

ती "व्हय" म्हणाली. "आसंल." मी चहा पिऊन एस.टी. धरली.

मी आयुष्यात बरेच नग बिघडवले, दोन डाय फोडल्या, एकदा रागाच्या भरात मेस्त्रीला धक्का दिला. त्या सगळ्यांची माफी मागून झाली. पण एका बाईची कातडी गेली, हात गेले, काम गेलं, आणि तिच्याजवळ स्वतःची म्हणून एक आठवण उरली होती, तीही मी काढून घेतली. हे कळायला मला एस.टी.त नगर येईपर्यंतचा वेळ पुरला. हिंमत व्हायला मात्र आणखी तीन आठवडे लागले.

मी अर्ज लिहिला. स्वतःच्या हाताने, दोन पानं. एक प्रत निरीक्षकांच्या कार्यालयात दिली आणि पोच घेतली. एक साहेबांना दिली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "बापू, त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी तिला काढलं नसतं." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. अहवाल बदलायचं काम चालू आहे म्हणतात. तिसरी प्रत घेऊन मी पाथर्डीला गेलो.

भर दुपार होती. कौसल्या ओसरीवर बसली होती, सासू शेंगा फोडत होती. मी बसलो नाही. उभ्यानेच कागद काढून वाचायला सुरुवात केली, कारण तोंडी बोललो असतो तर पुन्हा काहीतरी सारवासारव केली असती. "कौसल्याबाईंनी मला पाणी पाजले का असे विचारले होते. पाटीवर तुमचे नाव आहे असेही सांगितले होते. तरीही मी त्यांना उघड असे सांगितले." इथवर आलो तेव्हा कौसल्याने हात वर केला.

"थांबा बापू." मग सासूकडे वळून म्हणाली, "आत्याबाई, जावा. मागल्या आळीतल्या समद्यांस्नी बोलवा."

म्हातारी आधी माझ्याकडे, मग सुनेकडे बघत राहिली. मग शेंगांचं सूप बाजूला सारून गेली. आठ-दहा माणसं आली, बायकाच जास्त. दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला होता.

"आता पैल्यापासनं वाचा," कौसल्या म्हणाली. "मोठ्यानं."

मी वाचलं. दोनदा ओळ चुकली. ती वाट बघत राहिली. संपल्यावर तिने पुन्हा वाचायला सांगितलं, आणि मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी सासूने तिथेच मातीत बसकण मारली आणि कौसल्याचे आखडलेले हात आपल्या मांडीवर ओढून घेतले.

कौसल्या रडत नव्हती. ती माणसांकडे बघत होती, एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश. सगळ्यांकडे बघून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"कागुद हितं ठिवा," ती म्हणाली. "आन् तुमी जावा आता. परत येऊ नका."